फॅनीबाईंचा जावई

“मला तर तो पाहुणा पहिल्यापासूनच पटला नव्हता बघ. आठवडेच्या आठवडे दुसऱ्याच्या घरी बसून जेवायचं, संध्याकाळ झाली की पत्ते कुटायला जायचं, खिशात दमडी नाही आणि ऐट मात्र सरदाराची!”

काकू कुंपणाशी आल्या त्याच हे बोलत. पुढ्यात शेंगांचं सूप. सोलापुरात उन्हाळ्याच्या गप्पा ऊन चढायच्या आत उरकाव्या लागतात, त्यामुळे काकू प्रस्तावना करत नाहीत.

“कुणाकडे आलाय पाहुणा?” मी विचारलं.

“फॅनीबाईंकडे. वॉशिंग्टनला. अगं, तूच ना पाठीस लागली होतीस ‘वॉच ऑन द ऱ्हाइन’ बघा म्हणून? नातवानं काल लावून दिला. खाली अक्षरं येत होती, ती वाचत वाचत बघितला. तुझे काका अर्ध्यातच घोरायला लागले.”

“घोरत नव्हतो, डोळे मिटून ऐकत होतो,” ओट्यावरून, वर्तमानपत्राआडून आवाज आला. “सगळं बोलणंच तर आहे त्यात.”

काकूंनी तिकडे लक्ष दिलं नाही. सिनेमातली माणसं त्यांच्या लेखी मागच्या गल्लीत राहतात, त्यामुळे त्यांच्या घरातलं सगळं त्यांना ठाऊक असतं.

“तर या फॅनीबाई. नवरा गेलेला, पण त्याचं नाव अजून गाजतंय. भलंमोठं घर, नोकरचाकर, बागबगीचा. मुलगा डेव्हिड वकील आहे, पण एवढा घोडा झाला तरी आईपुढे तोंड उघडायची टाप नाही. बाईंची जीभ म्हणजे कात्री! आणि अशा घरात हा काउंट टेक ठाण मांडून बसलाय. रुमानियाचा सरदार म्हणे. त्याची बायको मार्था बिचारी बरी आहे. तिचं आणि डेव्हिडचं काहीतरी चाललंय हे मला दुसऱ्याच प्रसंगात कळलं.”

“आणि काउंटसाहेब पत्ते खेळायला जातात कुठे, तर जर्मन वकिलातीतल्या मंडळींकडे,” मी म्हटलं. “१९४० सालची गोष्ट आहे काकू. युरोपात युद्ध पेटलंय, अमेरिका अजून बाहेर उभी आहे. नाझी सरकारचे अधिकारी वॉशिंग्टनमध्ये राजरोस वावरताहेत, मेजवान्या झोडताहेत.”

“तेच तर! आपल्या घरात कोण बसतंय, कुणाकडे उठबस करतंय, बाईंनी बघायला नको? पाहुणा गोड बोलतो म्हणून ठेवून घेतला. आणि एवढ्यात लेक आली. सारा. किती वर्षांनी आली माहेरी! बरोबर तीन मुलं आणि जर्मन जावई. कपडे विटलेले, सामान चार बोचकी. मुलांना न्याहारीला काय हवं विचारलं तर पोरं अंडं मागतात गं, तेही चाचरत. अंडी फार महाग नसली तर द्या, म्हणून. मला तिथंच गलबलून आलं. आजीच्या घरी दूधतुपाला तोटा नाही आणि नातवंडांना अंड्याचा भाव विचारावासा वाटतो.”

हा प्रसंग मलाही सगळ्यात जास्त आवडतो. त्या मुलांनी युरोपात कसे दिवस काढले हे सांगायला दुसरा लेखक पडद्यावर बॉम्ब टाकेल, रणगाडे फिरवील. इथं एका अंड्यावर काम भागलंय. फॅनीबाई ऐकतात आणि त्यांचा तोरा पहिल्यांदा ढिला पडतो.

“आणि जावयाचं काम काय, तर फॅसिस्टांशी लढणं,” काकू म्हणाल्या. “सासूनं विचारलं तर सरळ सांगतो. शिकलाय इंजिनिअरिंग. आता माझी लेक असं स्थळ घेऊन आली असती तर मी काय म्हटलं असतं, देव जाणे.”

“हिटलर १९३३ मध्ये सत्तेवर आला तेव्हापासून हा कुर्ट म्युलर त्याच्यामागे लागलाय. मध्ये स्पेनच्या यादवी युद्धातही लढून आला. त्याचे हात बघितलेत?”

“बघितले ना. हाडं मोडून जुळलेले हात. पण स्वतःहून एक शब्द बोलत नाही त्याबद्दल. दुसरा असता तर जेवताना दहा वेळा बाही वर करून दाखवलं असतं.”

“आता काका दाखवतात तसं,” मी म्हणणार होते, पण काकांच्या हाताला १९७१ मध्ये कारखान्यात लागलेलं आहे आणि ती गोष्ट सुरू झाली की जेवणाची वेळ टळते. मी गप्प बसले.

कथेचा पुढचा भाग काकूंनी एका दमात सांगितला. कुर्टच्या बॅगेत तेवीस हजार डॉलर आहेत. गोरगरिबांनी एकेक नाणं देऊन हिटलरविरोधी चळवळीसाठी जमवलेला पैसा. स्वतःच्या पोरांना अंडं परवडत नाही, पण त्यातल्या एका डॉलरला तो हात लावत नाही. काउंट टेक ती बॅग उचकतो, वकिलातीतल्या बोलण्याशी सांधा जुळवतो आणि ओळखतो की हा नाझींना हवा असलेला माणूस. तेवढ्यात कुर्टचे साथीदार जर्मनीत पकडले गेल्याची बातमी येते. त्यांना पैसे चारून सोडवायचं तर कुर्टला परत जायलाच हवं. टेक म्हणतो, गप्प बसायचे दहा हजार द्या.

“आणि बाई द्यायला तयार होतात बरं का,” काकू म्हणाल्या. “पैशानं मिटतंय तर मिटवा. श्रीमंतांची रीतच ती. पण जावई शहाणा. त्याला ठाऊक आहे, असला माणूस दहा घेईल आणि पुन्हा वकिलातीत जाऊन विकेलच. मग त्यानं काय केलं ते...” काकूंनी शेंग फोडली.

“खून केला,” काकांनी पेपर उलटत सांगितलं.

“तुम्ही घोरत होतात ना?”

“गोळीच्या आवाजानं जाग आली.”

इथं आमच्या कुंपणावर बराच वाद झाला. काकांचं म्हणणं, खून तो खून. तो कुणी केला याला कायद्यात अर्थ नाही. काकूंचं म्हणणं, सापाला मारताना कुणी पंचनामा करतं का. मी म्हटलं, गंमत अशी आहे की कुर्टचं मत काकांच्या बाजूनं आहे. तो मुलांचा निरोप घेताना सांगतो की माणूस मारणं वाईटच, मग ते कुणीही आणि कशासाठीही करो. स्वतःला तो माफ करत नाही, विजयी मुद्रा करत नाही. पॉल लुकासनं तो प्रसंग आवाज न चढवता केला आहे. गुडघ्यांवर बसून मुलांशी बोलणारा थकलेला बाप, बस.

“पण मला विचारशील तर,” काकू म्हणाल्या, “खरा प्रसंग त्याच्या आधीचा. खून करून येतो आणि सासू-मेव्हण्यासमोर उभा राहतो. म्हणतो, तुमच्या मनात असेल तर पोलिसांना कळवा, नाहीतर मला निघून जायला थोडा अवधी द्या. झालं! आता बाईंच्या घरी मुडदा पडलाय. आतापर्यंत युद्ध पेपरात होतं, युरोपात होतं. आता ते दिवाणखान्यात आलं. बोलल्या तर जावई फासावर, गप्प बसल्या तर आपणही गुन्हेगार. आणि बाई गप्प बसायचं ठरवतात. वर पैसेही काढून देतात. काउंटासाठी काढलेले होते तेच.”

मला वाटतं काकूंनी नेमकं बोट ठेवलं. कुर्टचं काय, तो आधीपासूनच लढतोय. त्याला काही ठरवायचं नाही. ठरवायचं आहे ते सुखवस्तू, सज्जन, आपल्या घरात बसलेल्या फॅनी आणि डेव्हिडला. लेखिकेनं ही गोष्ट बर्लिनमध्ये न घडवता वॉशिंग्टनच्या एका छान घरात घडवली ती याचसाठी.

“लेखिका? म्हणजे बाईनं लिहिलंय?” काकूंचे कान टवकारले. “कोण गं?”

“लिलियन हेल्मन. न्यू ऑर्लिन्सची. आधी हे नाटक होतं. १ एप्रिल १९४१ ला ब्रॉडवेवर लागलं. तारीख लक्षात घ्या काकू. जपाननं पर्ल हार्बरवर हल्ला केला डिसेंबरमध्ये, म्हणजे त्याला अजून आठ महिने होते. त्या एप्रिलमध्ये अमेरिकेत मोठमोठी माणसं सांगत फिरत होती की युरोपच्या भांडणात आपण पडायचं कारण नाही. विमानवीर लिंडबर्ग त्यांच्यातलाच. आणि ही बाई रंगमंचावरून विचारत होती, तुमच्या घरातच पाहुणा बनून आला तर काय कराल?”

“चाललं का?”

“३७८ प्रयोग झाले. न्यूयॉर्कच्या नाट्यसमीक्षकांचं त्या मोसमातलं उत्कृष्ट अमेरिकन नाटकाचं पारितोषिक मिळालं. जानेवारी १९४२ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट स्वतः वॉशिंग्टनमधल्या प्रयोगाला आले. पण मजा ऐका. हेल्मन डाव्या विचारांची. आणि तेव्हा स्टालिनचा हिटलरशी करार होता. त्यामुळे हे नाटक आलं तेव्हा कम्युनिस्ट मंडळींनीच नाकं मुरडली. हिटलर रशियावर चालून गेला जून १९४१ मध्ये, त्यानंतर एकेकाचं मत बदललं.”

“आपल्याकडे नाही का होत असं,” काका म्हणाले. युती-आघाडीवर गाडी वळायच्या आत मी पुढे रेटलं.

“वॉर्नर ब्रदर्सनं सिनेमा काढला, १९४३ मध्ये आला. पटकथा लिहिली डॅशिएल हॅमेटनं. तो ‘माल्टीज फाल्कन’वाला, गुप्तहेरकथांचा बादशहा. हेल्मनचा...” मी जरा अडखळले.

“नवरा?”

“नवरा नाही. पण तीस वर्षं बरोबर होते. लग्न नाही केलं. एकत्र होते, वेगळे राहत होते, भांडत होते, पुन्हा एकत्र येत होते.”

काकूंनी शेंगा निवडायच्या थांबवल्या. मग म्हणाल्या, “तीस वर्षं टिकलं ना? मग काय करायचंय आपल्याला?” हा उदारपणा त्या गल्लीतल्या कुणाही बाबतीत दाखवत नाहीत, हे मी मनातच ठेवलं.

“बरं, तो शेवट मात्र मला ठिगळ लावल्यासारखा वाटला,” काकू म्हणाल्या. “जावई गेला, निरोप झाला, डोळ्याला पदर लावला, म्हटलं संपलं. तर पुढे आणखी एक तुकडा. महिने गेले, त्याचं पत्र नाही, आता मोठा मुलगा निघालाय बापाला शोधायला.”

“ते ठिगळच आहे. हॉलिवूडमध्ये तेव्हा सेन्सॉरसारखी एक संहिता होती, जोसेफ ब्रीन तिचा प्रमुख. तिचा नियम असा की पडद्यावर ज्यानं खून केला त्याला शिक्षा झालीच पाहिजे. सुटून गेलेला चालणार नाही. हेल्मननं खूप आदळआपट केली. तोवर अमेरिका युद्धात उतरलेली, हजारो पोरं नाझींना मारायला जहाजात बसून निघालेली, आणि इथं एका नाझीच्या हस्तकाला मारल्याबद्दल नायकाला शिक्षा हवी! शेवटी तोडगा निघाला तो हा. तो मेला असं म्हणायचं नाही, जिवंत आहे असंही म्हणायचं नाही. नाटकात हा तुकडा नाही.”

“पण त्यामुळे बेटी डेव्हिसला शेवटी काहीतरी करायला मिळालं,” काकूंनी न्याय दिला. “नाहीतर एवढी मोठी नटी, जाहिरातीत तिचंच नाव वर, आणि काम काय, तर नवऱ्याकडे भरल्या डोळ्यांनी बघायचं.”

हे खरं आहे. साराची भूमिका तशी दुय्यमच. पण डेव्हिस त्या काळात वॉर्नरची सगळ्यात मोठी नटी, आणि ती असल्याशिवाय असला बोलका, गंभीर सिनेमा लोक बघायला येणार नाहीत हा स्टुडिओचा हिशेब. युद्धकार्यासाठी तिनं कंबर कसलीच होती. सैनिकांसाठी जॉन गारफिल्डबरोबर ‘हॉलिवूड कँटीन’ काढलं ते १९४२ मध्येच. नाटकातले पॉल लुकास, फॅनी झालेली लुसिल वॉटसन आणि काउंट झालेला जॉर्ज कूलोरिस सिनेमातही आले. नाटकाचा दिग्दर्शक हर्मन शुमलिन यालाच सिनेमाही दिला. त्यानं याआधी कॅमेरा हाताळलेला नव्हता आणि ते दिसतं. माणसं दारातून येतात, बोलतात, दारातून जातात.

“म्हणूनच मला झोप लागली,” काका म्हणाले. त्यांना गुन्ह्याची कबुली दिल्याचं लक्षात आलं नाही.

“आता ऑस्करचं ऐका,” मी म्हटलं. गप्पांमध्ये काहीतरी चविष्ट हातचं राखून ठेवावं लागतं. “त्या वर्षी उत्कृष्ट अभिनेत्याचं ऑस्कर कुणाला? ‘कासाब्लांका’च्या हम्फ्री बोगार्टला नाही. आपल्या कुर्टला, पॉल लुकासला. २ मार्च १९४४ ला.”

“बोगार्टला हरवून?” काका पेपर घडी करून उठलेच. ‘कासाब्लांका’ हा त्यांचा सिनेमा. कॉलेजात असताना मुंबईला जाऊन बघितलेला.

“हो. ‘कासाब्लांका’ न्यूयॉर्कमध्ये १९४२ च्या नोव्हेंबरातच लागला होता, पण लॉस एंजेलिसला आला जानेवारी १९४३ मध्ये, त्यामुळे दोन्ही सिनेमे एकाच वर्षात धरले गेले. दोन्ही वॉर्नरचे. दोन्हींचा निर्माता हॅल वॉलिस. दोन्हींचं संगीत मॅक्स स्टायनरचं. म्हणजे एकाच घरातल्या दोन भावांची भांडणं. चित्रपट, दिग्दर्शन आणि पटकथा ‘कासाब्लांका’ला, अभिनेता आपल्या सिनेमाचा. आणि ‘कासाब्लांका’चा दिग्दर्शक मायकेल कर्टिझ बुडापेस्टचा, पॉल लुकासही बुडापेस्टचा. एका गावची दोन पोरं, एकाच रात्री ऑस्कर घेऊन घरी.”

“आणि ते गाणं,” काकांचा चेहरा खुलला. “‘कासाब्लांका’त त्या हॉटेलात जर्मन अधिकारी पियानोभोवती गाणं म्हणतात, आणि मग तो लास्लो उठून फ्रेंचांचं राष्ट्रगीत सुरू करतो. सगळं हॉटेल उभं राहतं!”

“काका, जर्मन जे गातात ना, तेच ते. ऱ्हाइनवरच्या पहाऱ्याचं गाणं. या सिनेमाचं नावच त्याच्यावरून घेतलंय. जर्मन देशभक्तीचं जुनं गाणं, पण हेल्मननं ते नाव नाझींकडून काढून कुर्टसारख्याला दिलं. ऱ्हाइनवर खरा पहारा देतोय तो हा, असं.”

काका थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “लुकास आधी कशात होता?” मी सांगितलं, हिचकॉकच्या ‘द लेडी व्हॅनिशेस’मध्ये डॉक्टर, म्हणजे खलनायकच. आणि १९३९ च्या ‘कन्फेशन्स ऑफ अ नाझी स्पाय’मध्ये चक्क अमेरिकेतला नाझी पुढारी. युरोपी उच्चारांच्या नटाला हॉलिवूड तेव्हा असलीच कामं द्यायचं. चार वर्षांनी त्याच नटानं नाझींशी लढणारा माणूस केला आणि बक्षीस नेलं.

“आणि त्या लेखिकेचं पुढे काय झालं?” काकूंचा जीव हेल्मनमध्ये अडकला होता.

“वाईट झालं. युद्ध संपलं आणि अमेरिकेत कम्युनिस्टांची शोधाशोध सुरू झाली. हॅमेट अठ्ठेचाळिसाव्या वर्षी साधा शिपाई म्हणून सैन्यात गेला होता, अलास्काकडच्या बेटांवर सैनिकांचं वर्तमानपत्र चालवत होता. त्याला १९५१ मध्ये तुरुंगात टाकलं. का, तर जामीननिधीला पैसे कुणी दिले त्यांची नावं सांग म्हटलं, तो सांगेना. १९५२ मध्ये हेल्मनला संसदेच्या समितीपुढे उभं केलं. तिनं सांगितलं, माझ्याबद्दल विचारा, दुसऱ्यांची नावं मी देणार नाही. आणि नाटकात जिनं सारा केली होती ना, माडी ख्रिश्चन्स, व्हिएन्नाची बाई, तिला काम मिळेनासं झालं. १९५१ मध्ये ती मेंदूतल्या रक्तस्रावानं गेली.”

“म्हणजे जावयावर जी वेळ आणली लिहून,” काकू सावकाश म्हणाल्या, “तीच लिहिणाऱ्यांवर आली. नावं सांग, नाहीतर भोग.”

“फक्त पत्ते खेळणारा पाहुणा यावेळी घरचाच होता,” काका म्हणाले.

काकूंना मग आपल्या सोलापूरचे डॉक्टर कोटणीस आठवले, आणि ते आठवणं रास्तच होतं. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये काँग्रेसच्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या सैनिकांवर उपचार करायला. तिथंच लग्न केलं, मुलगा झाला, आणि ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तिथंच गेले. शांतारामबापूंनी १९४६ मध्ये त्यांच्यावर सिनेमा काढला. “म्हणजे तिकडे हा सिनेमा तयार होत होता तेव्हाच आपल्याकडचा कुर्ट खराखुरा गेला होता,” काकू म्हणाल्या. “आपण लहानपणी त्यांचं नाव घेतलं की मोठी माणसं हात जोडायची. पण त्यांच्या आईचं काय झालं असेल, हे कुणी विचारायचं नाही.”

आता सिनेमाचे दोष. ते झाकण्यात अर्थ नाही. काका म्हणतात ते बरोबर, बोलणं फार आहे. धाकटा बोडो हा मुलगा प्राध्यापकासारखे शब्द वापरतो. एकदा हसू येतं, चौथ्यांदा कान पिळावासा वाटतो. बेटी डेव्हिसच्या डोळ्यांत पाणी जरा लवकर येतं. आणि काही भाषणं थेट प्रेक्षकांना उद्देशून आहेत हे लपत नाही; १९४३ मध्ये त्यांची गरज असेल, आज ती लांबतात. पण काउंट टेकचं काम करणारा कूलोरिस मात्र बघण्यासारखा. ‘सिटिझन केन’मधला सावकार थॅचर तोच. गणवेश नाही, आरडाओरडा नाही, नाझी तत्त्वज्ञानावर त्याचा विश्वाससुद्धा नाही. देणी थकलेली आहेत आणि विकायला माहिती आहे, एवढंच. हिटलरला जगभर असे टेक मिळाले म्हणून त्याचं फावलं, हे हेल्मननं ओळखलं होतं.

तेव्हा ज्यांनी ‘कासाब्लांका’ पाच वेळा पाहिला आहे त्यांना आमच्या कुंपणावरून एक आग्रहाची सूचना. एका संध्याकाळी ‘वॉच ऑन द ऱ्हाइन’ लावा. पहिली वीस मिनिटं धीर धरा, अंड्याचा प्रसंग आला की उठावंसं वाटणार नाही. आणि सगळ्यांचं लक्ष कुर्टकडे असेल तेव्हा तुम्ही सासूबाईंकडे बघा. लुसिल वॉटसनला सहायक अभिनेत्रीचं नामांकन मिळालं, पारितोषिक नाही. ते जावई घेऊन गेला. पण काकूंचा निकाल पक्का आहे आणि मला तो मान्य आहे: सिनेमा सासूचा आहे.